अंधाराची दोरी

तूर फुलली की मला अंधार आठवतो. लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, लग्नाच्या तिथी आठवतात. मला आपला अंधार. आज सकाळी शाळेत जाताना आमच्या धाड गावाबाहेरचा रस्ता दोन्ही बाजूंनी पिवळा झालेला दिसला. पुढे कापूस वेचायला निघालेल्या बायांचा ऑटो होता, थंडीनं नाकाचा शेंडा बधिर झाला होता. झालं! डोक्यात चक्र सुरू. चिखलीचं ते सभागृह, छताला लटकलेला प्रोजेक्टर, आणि मागच्या भिंतीवरचा त्याचा राखाडी चौकोन. पाच-सहा वर्षं झाली असतील, पण मेला तो चौकोन अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

हा आमच्याकडचा नाटकाचा मोसम. सोयाबीन निघालेलं असतं, कापूस अर्धा झाडावर असतो, हरभरा नुकता वर आलेला असतो. माणसाला संध्याकाळचे दोन तास मोकळे मिळतात ते याच दिवसांत, आणि हौशी नाटकांची स्पर्धाही नेमकी तेव्हाच येते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गावातली चार टाळकी जमवून नाटक बसवते. लिहिते मी, बसवते मी, दिवेही मीच लावते, कारण दुसऱ्याचं काम मला पसंत पडत नाही. आई म्हणायची, "ही पोरगी म्हणजे बोरीचा काटा आहे, एकदा धरलं की सोडत नाही." खोटं नव्हतं ते.

त्या वर्षीचं नाटक धरणात गेलेल्या एका गावाचं होतं. शेवटचा प्रवेश मी मोठ्या हौसेनं लिहिला होता. ढगांचा गडगडाट, धो धो पाणी, किंकाळ्या. तालमीच्या पहिल्या दिवशी शाळेच्या दारात टोपली उतरवून सुशीलाकाकू बसल्या होत्या. दोन एकरांत मिरची, वांगी आणि सांभार पिकवायच्या आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकायच्या. सांभार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. माझ्यासाठी जुडी ठेवायला आल्या होत्या, ती ठेवून जायचं सोडून ऐकत बसल्या. मध्येच म्हणाल्या, "मॅडम, पानी असं नाई येत."

"मग कसं येतं?"

"लय हळू येते. आज उंबऱ्याशी, उद्या चुलीशी. आवाज बी नसते त्याले."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"माहं माहेर गेलं ना त्याच्यात," त्या म्हणाल्या, आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू पडल्या.

मी कुठली सोडते! दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या वावरात जाऊन धडकले. त्या मिरची तोडत होत्या, मी सरीतून त्यांच्या मागे मागे वही घेऊन. चार दिवस गेले असे. माझ्या हाताची आग व्हायची, डोळ्याला हात लावायची सोय नव्हती. पण त्या तोडता तोडता आपली गल्ली सांगायच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मिरचीच्या ओळीसारखी. पहिलं घर भागाबाईचं, दारात शेवगा. मग सुताराचं, ओसरीवर गाडीची चाकं. मग सखूआत्याचं, तिच्या उंबऱ्यावर सगळ्यांनी ठेचा खाल्लेल्या. गल्लीत एकवीस घरं होती, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वहीत मोजली तर वीसच भरली. म्हटलं, "काकू, एक कमी पडतंय."

"मंग इसच असतीन," त्या म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे वळल्या.

घरी येऊन वही पुन्हा पाहिली तेव्हा लक्षात आलं. सुतारावरून सखूआत्याकडे जाताना काकू दर वेळी अडखळल्या होत्या. त्या दोघांच्यामध्ये एक घर होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं. मी हट्टी आहे, पण तिथं पुन्हा विचारायचं नाही एवढी अक्कल मला आहे.

माझा गडगडाट मी फाडून टाकला. नवा शेवट साधा केला. सगळे दिवे जातात, रंगमंच पूर्ण काळा, आणि त्या काळोखात एक बाई आपली गल्ली घरामागून घर सांगत जाते. सांगून झालं की भिंतीवर एक फोटो उमटतो. तो खरा फोटो होता, काकूंच्या लग्नातला. पुढे मांडव, करवल्या, कुणाचं तरी रडणारं पोर, आणि मागे शेवटपर्यंत दिसणारी ती गल्ली. त्या गल्लीचा जगात उरलेला एवढाच फोटो. कोपऱ्यावर हळदीचा डाग होता.

बाईचं काम काकूंनीच करावं, असा मी हेका धरला. त्या आधी हसल्या, मग चिडल्या. शेवटी एका अटीवर तयार झाल्या, "मी दिसाले नाई पाहिजे. दिसली त मले बोलता येत नाई."

दिसायचा प्रश्नच नव्हता. तालमी शाळेतल्या वर्गात व्हायच्या. खिडक्यांना सतरंज्या लावायच्या, दिवा घालवायचा, आणि काकू सुरू करायच्या. भागाबाईचं घर, दारात शेवगा. बोलताना त्यांचा आवाज बदलायचा, पन्नाशीच्या बाईचा आवाज सतरा वर्षांच्या पोरीचा व्हायचा. अंगावर काटा यायचा माझ्या. सुतारापाशी आल्या की क्षणभर थांबायच्या, एक घोट गिळायच्या आणि सखूआत्याकडे जायच्या. रोज तिथंच तो घोट. कोपऱ्यात त्यांचे यजमान भीमरावकाका कानाला मफलर गुंडाळून, डोळे मिटून बसलेले असायचे. काकूंना मोटरसायकलवरून घरी न्यायचं, एवढंच त्यांचं काम. दिवसभर वावरात राबलेला माणूस, मला वाटायचं झोपतो बिचारा.

प्रयोगाच्या चार दिवस आधी चिखलीच्या सभागृहात तालमीला वेळ मिळाला. आम्ही जीप करून गेलो. दिवे घालवले, लॅपटॉपवर काळी चौकट लावली, आणि समोर पाहते तर काय, मागच्या भिंतीवर हा एवढा राखाडी चौकोन! आणि त्याच्या मधोमध, सावलीसारख्या पण चांगल्या ओळखू येणाऱ्या, सुशीलाकाकू. प्रोजेक्टरला काळं दाखवायला सांगितलं तरी त्याच्या पोटातला दिवा काही विझत नाही, तो काळ्यातूनही गळतच राहतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. लाज वाटली. एवढी दिव्यांची मास्तरीण म्हणवते आणि हे ठाऊक नाही!

काकूंनी दोन्ही हात समोर धरून पाहिले. "मॅडम, मी दिसून राह्यली ना."

"थोडं थोडं, काकू. तुम्ही बोला."

"भागाबाईचं..." एवढं आलं आणि घसा बंद. पुन्हा केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा त्या रंगमंचावरून खाली उतरल्या आणि पहिल्या रांगेत पदराचं टोक चावत बसल्या. मी मशीनच बंद करून पाहिलं. अंधार झाला खरा, पण पुन्हा पेटायला त्याला दोन-तीन मिनिटं लागायची, आणि पेटताना आधी भिंतभर निळा उजेड आणि त्यात बनवणाऱ्या कंपनीचं नाव. बुडालेल्या गावानंतर कंपनीचं नाव! छे.

"काकू, फोटो काढून टाकू का? नुसता अंधार ठेवू," मी म्हटलं. जीव तुटत होता, पण म्हटलं.

तर त्याच उसळल्या. "फोटो कसा काढता? माहा भाऊ येऊन राह्यला पाहाले. पुनर्वसनातल्या घरात त्याच्यापाशी तेवढा बी नाई. मी त्याले सांगतलं, आपली गल्ली दाखोतो तुले, भिंतीयेवढी."

म्हणजे फोटो हवा होता आणि अंधारही हवा होता. फोटोशिवाय त्यांचा शब्द खोटा पडत होता आणि अंधाराशिवाय त्यांचा आवाज फुटत नव्हता. मी मनाशी ठरवलं, दोन्ही करायचं. कसं, ते माहीत नव्हतं.

सभागृह सांभाळणारे गृहस्थ किल्ल्या वाजवत आले. "मशीनले हात नाई लावाचा हं. लेखी परवानगी लागते. उद्या म्हणाल खाली उतरवा, परवा म्हणाल रंग द्या."

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. "मशीनले कोन हात लावते? आपन त्याच्या समोरच्या हवेले लावू." भीमरावकाका. मफलर काढून, मान वर करून ते छताकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, जवारीत पाखरासाठी डबडं बांधते का नाई आपन? मानूस धुऱ्यावर, कडेले, डबडं वावराच्या मधात. दोरी ओढली की तिकडं वाजते. इथं वाजवाचं नाई, उघडाचं-लावाचं हाय. येवढाच फरक."

मी त्या माणसाला तोवर सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मशीनच्या भिंगासमोर टांगायच्या झाकणाचा कारखाना चालला. जाड पुठ्ठा घेतला, बियाण्याच्या खोक्याचा. कुठं कुई-कुई वाजू नये म्हणून बिजागरीच्या जागी जुन्या रबरी चपलेची पट्टी लावली. झाकण झटकन पडावं म्हणून खालच्या कडेला दोन नट बांधले. सभागृहात पंख्यांचे रिकामे हूक होते, त्यांतून दोरी ओवून मागच्या दिव्यांच्या खोलीपर्यंत आणायचं ठरलं. झाकण मशीनपासून वीतभर लांब लटकणार, म्हणजे त्याची गरम हवा अडायची नाही. काकांनी एकच गोष्ट हट्टानं धरली. दोरी सोडली की अंधार आणि ओढली की चित्र, उलट नाही. मी म्हटलं का, तर म्हणाले, "तुटली-फुटली त अंधार तरी राहीन. तिले अंधार पाहिजे."

पुठ्ठ्यातून उजेड झिरपू नये म्हणून त्यांनी त्यावर घरचा मल्चिंग पेपर चिकटवला, मिरचीच्या वाफ्यावर अंथरतात तो. एका बाजूनं काळा, दुसऱ्या बाजूनं चंदेरी. दुसऱ्या दिवशी सभागृहवाल्यांच्या हातापाया पडून तासभर मागून घेतला, शिडीच्या घोड्यावर चढून काकांनी झाकण टांगलं. दिवे घालवले, दोरी सोडली, भिंतीवरचा चौकोन गेला. मी टाळी वाजवणार तोच लक्षात आलं की काकूंचा चेहरा दिसतोय. आधीपेक्षा जास्त! सगळं छत मंद मंद उजळलं होतं.

काकांनी शेतात अंथरतात तसाच पेपर लावला होता. चंदेरी बाजू सूर्याकडे, काळी मातीकडे. इथं सूर्य म्हणजे मशीन, म्हणून चंदेरी मशीनकडे. गळणारा सगळा उजेड चंदेरीवर आपटून छताला जाऊन पसरला होता.

"अंधार कराले गेलो आन चांदनं पडलं," काका वरून म्हणाले.

काकूंना हसू फुटलं, तो राखाडी चौकोन दिसल्यापासून पहिल्यांदा. "मिरची नाई थे, मशीन व्हय! तुमाले जिकडं तिकडं वाफेच दिसते." घोड्यावर बसल्या बसल्या काकाही हसले, आणि तो डगमगला तसे दोघंही ओरडले. रात्री त्यांनी दुसरा तुकडा चिकटवला आणि चंदेरी आत गाडली. झाकण दोन्ही बाजूंनी काळं झालं.

ते झाकण अजून माझ्या वर्गातल्या कपाटामागे आहे. पोरं विचारतात, मॅडम हे काय, मी म्हणते अंधार आहे तो, हात लावू नका. त्या सभागृहात आता नवा प्रोजेक्टर बसलाय म्हणे, त्याला आतूनच पापणी आहे आणि बटण दाबलं की मिटते. चांगलंच झालं. मला जुन्याचं कौतुक नाही, मी त्या जुन्याशी भांडून दमले होते. पण त्या मोसमात एक गोष्ट मला कळली. उजेड करायला एक बटण पुरतं. अंधार मात्र कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन करावा लागतो, घर सारवतात तसा. प्रयोग दुपारचा होता, म्हणून आम्ही दारांच्या फटींत पोती कोंबली. बाहेर जायच्या दाराच्या वरचा हिरवा दिवा सभागृहवाल्यांनी विझवू दिला नाही, ते बरोबरच होतं, म्हणून त्याला रंगमंचाच्या बाजूनं पुठ्ठ्याचा आडोसा केला. ध्वनियंत्रावर एक लाल ठिपका होता, हट्टानं चमकायचा. काकूंनी पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि त्यावर काळी टिकली चिकटवली. "घे, आता तू बी सवाष्ण," म्हणाल्या.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह अर्धं भरलेलं. काकूंचा भाऊ तिसऱ्या रांगेत, पांढरी टोपी, बरोबर पुनर्वसनातली चार-पाच माणसं. मी मागच्या खोलीत लॅपटॉप आणि दिव्यांच्या खटक्यांपाशी, माझ्या शेजारी स्टुलावर काका, मुठीत दोरी. पाखरं राखायला बसल्यासारखे ताठ. मधल्या प्रवेशांत दोन-तीनदा चित्रं होती, तेवढा वेळ ते दोरी ओढून धरायचे, मी पाठीवर थाप दिली की सोडायचे. एकदाही चुकले नाहीत.

मग तो प्रवेश आला. मी एकेक दिवा खाली आणला. शेवटचा गेला. लॅपटॉपवर फोटो लावून ठेवला आणि त्याच्या पडद्यावर मी गोधडी टाकली. आणि झाला, खरोखर झाला हो, मिट्ट काळोख! डोळे उघडे आहेत की मिटलेले हे कळू नये असा. प्रेक्षकांत कुणीतरी घाबरून "अगं बाई" म्हटलं. मला रडू यायला लागलं, आणि मी माझाच हात चावला.

"भागाबाईचं घर. दारात शेवगा."

आवाज आला. सतरा वर्षांचा. चालत चालत येत होता तो, ओल्या पायांनी. सुताराचं घर, ओसरीवर चाकं. मग तो थांबा, तो घोट. मग सखूआत्या, ठेचा. मग पुढची सगळी, कुणाची शेळी, कुणाचं न बांधलेलं न्हाणीघर, कुणाच्या भिंतीवर पोरांनी कोळशानं काढलेला बैल. तिसऱ्या रांगेतून एक हुंदका ऐकू आला. शेवटचं घर पाटलाच्या वळणावरचं, तिथं गल्ली संपते. संपली. माझी खूण झाली. मी काकांच्या पाठीवर थाप दिली.

काही झालं नाही.

पुन्हा थाप दिली, जोरात. दोरी अडकली वाटतं, म्हणून चाचपडत हात पुढे नेला, तर दोरी मोकळी होती. त्यांच्या मुठीत, सैल.

"ओढा ना, काका!" मी कानाशी कुजबुजले.

"थांबा, मॅडम," ते तसेच हळू म्हणाले. "तिचं घर राह्यलं."

म्हणजे हा माणूस तालमीत झोपत नव्हता! रोज डोळे मिटून, रोज तो घोट मोजत होता. तिकडे काळोखात काकू उभ्या होत्या, फोटो येत नव्हता, आणि हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नव्हतं. स्पर्धेत वेळ मोजतात, परीक्षक बसलेले असतात, सगळं माझ्या डोक्यात आलं. दोरी हिसकून घ्यायला वेळ लागला नसता. मी हात मागे घेतला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग समोरून अगदी साध्या आवाजात आलं, ना सतराच्या ना नाटकातल्या, काकूंच्या स्वतःच्या.

"आन सुताराच्या बाजूचं... थे आमचं. दोन खन. चुलीच्या मांगं बाबानं कोनाडा केलता माह्यासाठी, त्याच्यात माह्या बांगड्या. पानी आलं तवा मी सासरी होती. मले कोनी बलावलंच नाई. बांगड्या तितंच राह्यल्या."

तेव्हा माझ्या शेजारी दोरी ताणल्याचा आवाज झाला. भिंतभर गल्ली उमटली, मांडव, करवल्या, मागे घरं. रंगमंचावर काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या चालत गेल्या आणि सुताराच्या शेजारच्या दारावर त्यांनी तळवा टेकवला. हे मी बसवलेलं नव्हतं. काकांनी पडदा पडेपर्यंत दोरी धरून ठेवली.

बक्षीस-बिक्षीस काही नाही मिळालं. परीक्षक म्हणाले, शेवटी अंधार जरा लांबला. मी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या कामावरची टीका निमूट ऐकून घेतली असेल.

परतताना जीपमध्ये पुढे सामान, मागे आम्ही. झाकण माझ्या मांडीवर. दिवस कलला होता, दोन्हीकडे तूर, त्यावर उतरतं ऊन. निघताना काकूंचा भाऊ बहिणीचा हात धरून एवढंच म्हणाला होता की कोनाडा त्याच्याही लक्षात आहे. काकू भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा सोलत होत्या. धाडचा फाटा दिसायला लागला तेव्हा त्यांनी वर न पाहता विचारलं, "दोरी ओढाले इतका उशीर काऊन केला जी?"

"अटकली होती," काका म्हणाले, बाहेर पाहत.

काकूंनी सोललेले दाणे तळहातावर चोळले, फोलपटं फुंकली.

"इतके वर्सं पाखरं राखले तुमी," त्या म्हणाल्या. "तुमची दोरी त कधी अटकली नाई." आणि सगळे दाणे त्यांच्या हातावर ओतले.